प्रॉथरोबाईंची ओटी

अंजूरच्या दौलतचा पुढाऱ्यांचा अनुभव दांडगा होता. खाडीकाठची शेती गोदामांना देताना त्याचा एकही कागद आपल्या पायांनी चालला नव्हता. प्रत्येकाला कुणीतरी ढकलावं लागलं आणि ढकलणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवावं लागलं. फुकट काम करणारा पुढारी आणि दूध देणारा बैल ही दोन जनावरं देवाने घडवलीच नाहीत, असं तो नाक्यावर बसून ठणकावून सांगायचा. ऐकणारे हसायचे, कारण त्यांनाही वेगळं काही दिसलं नव्हतं.

पण २००९च्या उन्हाळ्यात त्याच्या एकुलत्या एका लेकीचं काम अशा जागी अडकलं, जिथे त्याचा हात पोचत नव्हता. वेल्समध्ये.

ऋतिकाचा नवरा भाविक मूळचा पडघ्याचा, पण तिकडेच नोकरी करून तिकडचाच झालेला. फेब्रुवारीत ऋतिकाची आई सुमती गेली, तेव्हा त्याने घाईघाईने एकच तिकीट काढलं. "तू आईचे दिवस करून ये, सईला मी सांभाळतो," म्हणाला. तीन वर्षांच्या पोरीला कुठे एवढं फिरवायचं, म्हणून ऋतिकानेही मान डोलावली. तेराव्याचं जेवण उरकतंय तोवर त्याचा फोन आला: परत येऊ नकोस. लग्न मोडल्याचं त्याने तिथल्या सरकारला कळवूनही टाकलं होतं. ऋतिकाचा व्हिसा त्याच्या नावावर लागलेला, तो रद्द झाला. वर सई आपल्याकडेच राहावी म्हणून मेल्याने कोर्टात अर्ज केला. जूनमध्ये सुनावणी होती. आई समोर उभी असेल तर न्यायाधीश ऐकेल, नसेल तर कठीण आहे, असं वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं.

सुमतीच्या फोटोचा हार वाळला तरी काढायला कुणाला सुचलं नाही. घरात आता दोन माणसं आणि एक फोन. तिकडची शेजारीण ग्वेन आजी सई परसात खेळायला आली की ऋतिकाला फोन लावायची आणि तो कुंपणावरून धरायची. इकडे लेक श्वास रोखून ऐकत बसायची. पोरगी मांजरीशी बोलायची, तेही आता इंग्रजीत. दौलतला ते बघवायचं नाही. तो उठून अंगणात जायचा आणि पाण्याची मोटर उगाचच चालू-बंद करायचा.

ग्वेन आजी बाई मोठी खटपटी. ती आधी कार्डिफच्या विधानसभेतल्या आमदाराकडे गेली. त्याने हात वर केले. व्हिसाचं काम वेल्सच्या हातात नाही, ते लंडनचं, म्हणाला.

"म्हंजे ग्रामपंचायत बोलली, जिल्हा परिषदेत जा," दौलत म्हणाला. एवढं त्याला लगेच कळलं.

मग आजी गेली त्या भागाच्या खासदारीणबाईकडे, प्रॉथरोबाईंकडे. खाणी बंद पडलेलं ते गाव. बाई दर शुक्रवारी तिथल्या वाचनालयात बसायची आणि कोणीही जाऊन आपलं गाऱ्हाणं सांगावं.

"मधी कोन बसतं?" दौलतने विचारलं.

"कोणी नाही, बाबा. सरळ आत जायचं."

"असं कुटं असतं?"

पण ऋतिकाला सुनावणीसाठी व्हिसा मिळावा म्हणून बाईने खरंच मंत्र्याला दोनदा लिहिलं. एकदा तर स्वतः अंजूरला फोन करून ऋतिकाशी बोलली. फोन ठेवल्यावर कित्येक दिवसांनी ऋतिकाच्या चेहऱ्यावर जरा रंग दिसला.

"काय बोलली?"

"म्हणाली, शब्द देत नाही, पण जमेल तेवढं सगळं करते."

दौलतला वेगळाच संशय आला. आपल्याकडचा पुढारी दारात पाय ठेवायच्या आत शब्द देतो. मग पाळतो की नाही, ते त्याचं तो जाणे. जी बाई शब्दच देत नाही, तिला काहीतरी हवं असणार. एवढं साधं या शिकलेल्या पोरीला कळू नये, याचं त्याला नवल वाटलं.

तशात ती बातमी आली. मे महिना होता आणि आपल्या निवडणुकीची शाई अजून नखावरून उतरली नव्हती. ब्रिटनच्या खासदारांनी घराच्या डागडुजीचं, बागेतल्या खताचं, एकाने तर तळ्यातल्या बदकांच्या घराचं बिलसुद्धा सरकारला लावल्याचं बाहेर पडलं. तिथल्या लोकांचा पुढाऱ्यांवरचा विश्वास पार उडाला, असं टीव्हीवाला सांगत होता. दौलत मांडीवर थाप मारून हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच हसला.

"हाय का न्हाय! गोऱ्यांचंबी पोट आपल्यासारखंच!"

"बाबा, सगळे तसे नसतात. प्रॉथरोबाईंचं नाव कुठेही नाही."

"अजून आलं न्हाय, असं बोल."

दुसऱ्याच दिवशी तो भिवंडीला केसरीनाथकडे गेला. केसरीनाथ म्हणजे पुढाऱ्यांच्या मागेपुढे करून लोकांची कामं लावून देणारा माणूस. त्याची खोली एका लूमच्या कारखान्यावर होती आणि खालच्या खडखडाटात सगळं ओरडूनच बोलावं लागायचं. गुपितंसुद्धा.

"बाई हाय ना? मग पैसं नको, बरं न्हाय दिसत," केसरीनाथ ओरडला. "ओटी भर!"

दौलतला ते एकदम पटलं. दारी आलेल्या सवाशिणीला ओटी भरल्याशिवाय सुमतीने कधी जाऊ दिलं नव्हतं. ज्या बाईने आपल्या लेकीसाठी लिहिलं, तिची ओटी भरण्यात वावगं काय? त्याने चांगल्यातली पैठणी घेतली, खण घेतला. काल्हेरच्या कुरिअरवाल्याने नारळ आणि तांदूळ घ्यायला साफ नकार दिला, तेव्हा दौलतने ते खाडीत सोडले. इथवर ती ओटीच होती. पण साडीच्या घडीत त्याने सुमतीची सोन्याची चेन सरकवली आणि केसरीनाथने एका कागदावर इंग्रजीत टाइप करून दिलं, 'काम होऊ द्या, पुढचं आम्ही बघून घेऊ.' ती ओटी राहिली नाही, हे दौलतला ठाऊक होतं. पुडकं देताना त्याने ते कपाळाला लावलं. ऋतिकाला बोलला नाही. ती अडवणार होती.

आठवडाभरात ग्वेन आजीचा फोन आला, की मंत्र्याच्या कचेरीत हालचाल आहे, लवकरच निकाल लागेल. ऋतिका रडत रडत हसली. तिने बॅग खाली काढली आणि सईसाठी घेतलेला परकर-पोलका सगळ्यात वर ठेवला. दौलत मनात म्हणाला, पावली बाई! आणि केसरीनाथला पेढे देऊन आला.

नंतरचा फोन प्रॉथरोबाईंच्या ऑफिसातून आला तेव्हा दौलत मासळी साफ करत होता. आत ऋतिकाचा आवाज अर्ध्यात थांबला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

"बाबा, तुम्ही प्रॉथरोबाईंना सोनं पाठवलंत?"

दौलतने हात धुतले, परत धुतले. "ओटी पाठवली," तो म्हणाला.

पुडकं बाईच्या ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं गेलं होतं. जिथे बदकांच्या घराचासुद्धा हिशेब मागतात, तिथे सोन्याची चेन आणि 'पुढचं बघून घेऊ'! बाईने तिथल्या तिथे पोलिसांना कळवलं, चेन त्यांच्या ताब्यात दिली आणि ऋतिकाच्या कामातून अंग काढून घेतलं.

"फोन लाव," दौलत म्हणाला. "मना बोलू दे तिच्याशी."

ऋतिकाने लावला. बऱ्याच वेळाने बाई स्वतः आली. दौलत फोनशी वाकून, समोर माणूस असल्यासारखा हात जोडून बोलू लागला.

"हिला सांग, ह्यात माझ्या पोरीचा हात न्हाय. तिला म्हायतीबी नव्हतं."

ऋतिकाने सांगितलं.

"सांग, मी अडाणी मानूस हाय. मना वाटलं..." त्याने जोडलेले हात कपाळाला लावले. "मना वाटलं तीबी चोरच हाय."

ऋतिका त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तेही सांगितलं, शब्दाला शब्द.

नंतर बाई हळूहळू बोलली. ऋतिका मराठीत सांगत गेली, आणि सांगता सांगता तिचा आवाज विझत गेला.

"ती म्हणते, मला राग नाही. माझ्या गावचे लोकही आता रस्त्यात मला तेच म्हणतात. पण यापुढे मी तुमच्यासाठी एक ओळ लिहिली, तरी ती विकत घेतलेली ठरेल. भाविकचा वकील तीच कोर्टात दाखवील. त्यात सईचं नुकसान होईल."

"दुसरा कोन खासदार?"

"दुसऱ्याच्या भागातलं काम तिथे कोणी घेत नाही. तसा रिवाजच आहे." ऋतिकाने फोन ठेवला. "मंत्र्याला भेटायची वेळ तिने मागून घेतली होती, बाबा. सोमवारी स्वतः जाणार होती. आता ती भेट रद्द केली."

दौलत खाली बसला. ऋतिका ओरडली असती, तिने मासळीची ताटली फेकून मारली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. आयुष्यभर ज्या वाटेने त्याने प्रत्येक काम तडीस नेलं, त्याच वाटेवर त्याने आपल्या लेकीचं मूल घालवलं होतं. आणि डोकं तर त्याच वाटेने धावत होतं, त्याला दुसरी वाट ठाऊकच नव्हती.

तो एकाएकी उठला आणि खुंटीवरचा सदरा अंगात घालू लागला.

"तू रडू नको, पोरी. त्या कोर्टात कोन कारकून असंल, कोन शिपाई असंल. केसरीनाथच्या वळखीचा एक जन लंडनला हाय. मी आताच्या आता जातो, काहीतरी देऊन..."

ऋतिका धावली. उंबऱ्यात तिने गुडघे टेकले आणि त्याच्या दोन्ही पायांना मिठी मारली, इतकी घट्ट की त्याला पाऊल उचलता येईना.

"बाबा, पाया पडते तुमच्या," ती म्हणाली. "आता माझ्यासाठी काही करू नका."