दुसरी संथा

राजुरीच्या आमच्या घरातील संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे एक फिकट सावली पडत असे. आमच्या आचार्यांचे स्तोत्र रोज येऊन त्यावर टंकित करणारे माझे सहाध्यायी भगवंतशास्त्री २००३च्या पौषात निवर्तले, आणि मुद्रणापूर्वीची अखेरची तपासणी माझ्याकडे आली. आचार्यांच्या पुण्यतिथीस आठ दिवस उरले होते. पुस्तक त्याच दिवशी निघायचे होते. सावलीमुळे मात्र मात्रा कोणती खरी, कोणती भासमान, हेच मला उमगेना.

आळेफाट्याहून संगणक दुरुस्त करणारे मेहबूबभाई पडद्याची नवी तार घेऊन आले.

"गुरुजी, यंत्र माजघरात अन् पडदा पडवीत, हे कुनाचं डोकं?"

"भगवंताचं. यंत्रातल्या पंख्याची घरघर पाठात मिसळते, म्हणायचा."

"मग ही बारीक तार कामाची न्हाई. एवढ्या लांबीला आत जाळी असलेली जाड तार पायजे, न्हाईतर चित्राला सावली येती. ही बघा. भगवंतभाऊंची सोय बी मोडत न्हाई. आधी एक ओळ वाचून ठेवा, म्हंजी फरक कळंल."

आमच्या पाठशाळेत आचार्य चरण एकदा म्हणत आणि शिष्यांनी तो दोनदा म्हणायचा, ही संथा. भगवंत जन्मभर एकदाच म्हणत आला. "दुसरी मग म्हणेन," असे सांगून तो आचार्यांच्या रागावरही हसत असे.

मी स्तोत्राचा अखेरचा चरण मोठ्याने वाचला. मेहबूबभाईंनी पडद्यामागून जुनी तार उपसली.

"आता बगा..." म्हणाले, आणि थबकले.

पडदा विझला नव्हता. चरण तेथेच होता, त्याची सावली होती, आणि त्या सावलीच्याही उजवीकडे, मघा नसलेली दुसरी सावली एकेक अक्षर उमटत होती. एखाद्याने सावकाश म्हणावे त्या गतीने.

"गुरुजी," मेहबूबभाई दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "जुनी तार माज्या ह्या हातात हाय. नवी ह्या हातात."

"थांबा. त्याचं पुरं होऊ द्या."

अखेरचे अक्षर उमटले आणि पडदा काळा झाला. मेहबूबभाईंनी खांद्यावरच्या रुमालाने कपाळ पुसले.

"काय करू? जुनीच लावू व्हय?"

बारीक तार ठेवली असती तर कदाचित भगवंत पुन्हा आला असता; पण मग स्तोत्र अशुद्धच राहिले असते.

"जाड लावा," मी म्हणालो.

अक्षरे त्या क्षणापासून निर्मळ झाली. पुस्तक पुण्यतिथीस निघाले, त्यात दोष आढळला नाही.

अजूनही सकाळी मी पडवीत बसून ते स्तोत्र पडद्यावर वाचतो. प्रत्येक चरणानंतर दोन संथांइतका थांबतो. पडद्यावर काहीही उमटत नाही. तेवढ्या अवकाशात माजघरातील पंख्याची घरघर मात्र थांबलेली असते.