सरदारचा कान

राजनंदिनीनं तिसऱ्यांदा तोच हुकूम टाईप करून एंटर दाबलं आणि कॉम्प्युटरनं तिसऱ्यांदा तेच उत्तर तोंडावर फेकलं. एकही स्कॅनर सापडला नाही.

"आन् हे काय हाय मंग? धोंडा हाय का?" तिनं टेबलावरच्या करड्या डब्याला एक चापट हाणली.

"मारू नको गं बाई," निता झेरॉक्सच्या मशीनमागून ओरडली. "आमच्या अण्णांनी लेकरासारखं जपलंय त्याला."

"म्हनूनच लाडावलंय."

निताचे अण्णा म्हणजे आखाडा बाळापूरचे जुने फोटोवाले. रिळाचे दिवस सरता सरता त्यांनी निगेटिव्ह स्कॅन करायचा हा डबा हौसेनं आणला. पुढं अण्णा गेले, स्टुडिओचं झेरॉक्सचं दुकान झालं, आणि नवीन कॉम्प्युटरनं डब्याला ओळख द्यायचंच सोडलं. त्याची सीडी जुन्याच विंडोजवर चालायची. सात वर्षं डबा काउंटरखाली चपलांच्या शेजारी पडून होता.

त्याला वर काढला राजनंदिनीनं, म्हणजे सगळ्यांच्या नंदीनं. नंदीनं अकरावी सोडलेली. फिजिक्सच्या सरांची फळ्यावरची चूक तिनं भर वर्गात दाखवली, सर म्हणाले बाहेर हो, आणि ती जी बाहेर झाली ती झालीच. तेव्हापासून ती निताच्या अडगळीतल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स टाकून बसायची. स्कॅनर चालवायचं तर तिथं बटणं नाहीत, चित्रं नाहीत. एक काळी खिडकी उघडायची आणि काय पाहिजे ते लिहून सांगायचं. नंदीला हे लई पसंत पडलं होतं. हुकूम सोडायला तिला अख्ख्या गावात दुसरी जागा नव्हती.

दुकानातल्या बाकड्यावर दोन म्हातारे बसले होते, मधे एक माणूस मावेल इतकं अंतर सोडून. एक तिचे आबा, दगडोबा पोले. दुसरे आबांचे चुलत भाऊ संतराम, म्हणजे नंदीचे धाकले आबा. दोघं सकाळपासून एकाच निगेटिव्हची वाट बघून राहिले होते.

गोष्ट अशी. पोल्यांच्या दोन घरांची वाटणी झाली तेव्हा त्यांच्या आजोबांनी मेंढरांचे कानसुद्धा वाटून दिले. दगडोबाच्या घरच्या मेंढराच्या उजव्या कानाला कातर मारायची, संतरामच्या घरच्या मेंढराच्या डाव्या. रानात कळप मिसळले की कान बघून आपापलं निवडायचं. सत्त्याण्णव साली बाळापुरात जनावरांचं प्रदर्शन भरलं, त्यात दोघांचेही एडके, म्हणजे मेंढे, उभे होते. दोन्ही काळेभोर, दोन्ही एकाच मेंढीचे. त्यातल्या एकाचा पहिला नंबर आला. लिहिणाऱ्यानं मालकाच्या जागी नुसतं 'पोले' लिहिलं आणि निवांत जेवायला गेला. तेव्हापासून आबा म्हणायचे, तो माझा सरदार. संतराम म्हणायचे, तो माझा राजा. आबांच्या घरचा फोटो वाळवीनं खाल्ला. संतरामच्या घरचा शेळीनं खाल्ला, असं ते तरी सांगायचे.

यंदा प्रदर्शन पुन्हा भरणार होतं. फ्लेक्सवर त्या एडक्याचा फोटो येणार, खाली मालकाचं नाव, आणि त्याच मालकाच्या डोक्याला मानाचा फेटा. समितीनं ग्रुपवर सांगून ठेवलं होतं, चार वाजेपर्यंत फोटो टाका, मंग छपाईला जाईल. निताला अण्णांच्या पाकिटांत ती निगेटिव्हची पट्टी सापडली होती. आबांनी तीन दिवस आधीच धोतर इस्त्री करून गादीखाली घालून ठेवलं होतं. आता घड्याळात दोन वाजले होते.

नंदीनं हुकमाच्या पुढं 'सुडो' लावलं, पासवर्ड दिला आणि परत एंटर मारलं. डबा घुर्रर्र करून जागा झाला. स्क्रीनवर त्याचं नाव आलं.

"गावला!" ती खुर्चीतून उडालीच.

"आधी काहून गावत नव्हता?" आबांनी विचारलं.

"आधी म्या माझ्या नावानं सांगत व्हते. आता सरपंचाच्या सहीनं सांगितलं."

"बराबर," आबा म्हणाले. ह्यातलं त्यांना सगळं समजलं.

निता हात पुसत आली. "थांब नंदी, ती पट्टी घालायची एक रीत आसती. अण्णा नेहमी..."

"ताई, मला शिकवू नका. तुमी तुमचं आधार कार्ड झेरॉक्स करा." नंदीनं पट्टी साच्यात सरकवली, साचा डब्यात ढकलला आणि पुढचा हुकूम लिहिला. निता तोंड फुगवून गिऱ्हाइकाकडं गेली.

डबा कण्हत कण्हत पट्टी ओढायला लागला. काळ्या खिडकीत टक्के चढायला लागले. शंभर झाले, तशी नंदीनं फाईल उघडली आणि दोन्ही म्हातारे एकदम मागं सरकले. नारिंगी उजेडात काळ्या तोंडाची माणसं, त्यांचे पांढरे डोळ्याचे खड्डे, आणि मधोमध पांढराफेक एडका.

"हे काय भुताचं प्रदर्शन भरलं व्हतं का?" संतराम म्हणाले.

"आमचा सरदार काळा व्हता. हे धवळं कुनाचं?" आबा म्हणाले. त्या दिवशी दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

"निगेटिव्ह हाय म्हनून सांगायचं ऱ्हायलं त्याला. दम खा की जरा." नंदीनं त्याच हुकमाला दोन आडव्या रेघा देऊन निगेटिव्हचा पर्याय जोडला. पुन्हा घुर्रर्र. पुन्हा टक्के.

ह्या खेपेला फोटो असा काही निघाला की निताचं गिऱ्हाईकसुद्धा आत डोकावलं. काळाभोर एडका, गळ्यात झेंडूचा हार, मान ताठ. एका बाजूला तरणे दगडोबा, एका बाजूला तरणे संतराम, दोघांचाही हात त्याच दाव्याला. नंदीनं फोटो मोठा केला. एडक्याच्या कानावर आणला.

कातर डाव्या कानाला होती.

संतराम बाकड्यावरून उठले ते थेट दुकानाच्या दारात. "ऐका रे! राजा माझाच! अठ्ठावीस वर्सं सांगून राहिलो ह्यांना! डावा कान! मशीनच सांगतंय!" समोरच्या चहावाल्याला ओरडून सांगितलं, बसची वाट बघणाऱ्या दोघांना सांगितलं, एका म्हशीलाही सांगितलं असतं, पण ती निघून गेली.

आबा पुढं वाकले. डोळे बारीक करून कानाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्या कातर मारली व्हती. माझ्या हातानं, उजव्या कानाला. माझ्या डोळ्यापुढं हाय अजून." पुढं म्हणाले, "पन फोटोत न्हाई, मंग न्हाईच. म्हंजे इतकी वर्सं मीच खोटं बोललो." त्यांनी काठी घेतली. "नंदे, तुज्या आजीला सांगू नको. म्या सांगतो."

 नंदीला संतरामचा राग आला, मशीनचा आला, मग स्वतःचाच आला, कारण हे घाण काम तिनंच ऐटीत करून दिलं होतं. एक शब्द जोडला की लिनक्स फोटो उजव्याचा डावा करून देतं, हे तिला ठाऊक होतं. बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. पण खोट्या फोटोवर आबा फेटा बांधतील का? ते उलट तिलाच काठीनं हाणतील. ती चरफडत फोटो खालीवर, डावीकडं उजवीकडं ओढत राहिली आणि ओढता ओढता तरण्या संतरामच्या तोंडावर येऊन थांबली.

लहानपणी खुरप्याचा घाव बसून संतरामच्या गालावर लांबलचक वण पडला होता. फोटोतही होता. नंदीनं स्क्रीनकडं बघितलं. दारातल्या संतरामकडं बघितलं. परत स्क्रीनकडं. मग ती अशी गोड हसली की निता घाबरलीच.

"आबा, बसा. कुठं निघाले? धाकले आबा, तुमी पन या आत. तुमचाच मान हाय आज. जरा ह्या फोटोशेजारी उभे ऱ्हा, तोंड माझ्याकडं. व्हय, असं. हा फोटोतला माणूस तुमीच ना?"

"मीच! ह्यो वण बघ की!"

"बघून तर राहिले. आन् फोटो खरा हाय ना? मशीननं काही गडबड केली न्हाई ना?"

"एकदम खरा. मशीन काहून खोटं बोलंल?"

"मंग ग्रुपवर तसं बोलून टाका की तुमच्या आवाजात. लोकं लई वंगाळ आसतात, मागून म्हनतील."

संतरामनी फोन तोंडाजवळ धरला आणि सगळ्या समितीला सांगितलं, निताच्या दुकानातला फोटो शंभर टक्के खरा, त्यात मी स्वतः हाय, माझा वण बघून खात्री करा, आन् ह्यात एडक्याचा जो कान कातरलाय, तो कान ज्या घराचा त्याच घराचा एडका. पोल्याची जबान हाय.

संदेश गेला. त्याच्यापुढं निळ्या खुणा उमटल्या.

"आता सांगा," नंदी म्हणाली, "तुमचा वण कोन्या गालाला हाय?"

संतरामनी हात वर नेला. डाव्या गालाला.

"आन् फोटोत?"

संतरामनी स्क्रीनकडं बघितलं. आधी मान वाकडी करून बघितलं, मग स्वतःचा गाल चाचपून परत बघितलं. निता तोंडावर हात धरून खुदकन हसली. फोटोतल्या संतरामचा वण उजव्या गालाला होता.

"अण्णा हेच सांगायचे," निता म्हणाली, "पट्टीची चमकती बाजू वर. न्हाईतर सगळी दुनिया उलटी निघती. म्या सांगत व्हते, पन आमच्या साहेबीण बाईंना कोन शिकवनार!"

नंदी कानापर्यंत लाल झाली. "चुकलं माझं, ताई," ती म्हणाली, आणि हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकल्यामुळं आबा फोटो सोडून तिच्याकडं बघायला लागले.

"आता तू काम्पुटरमदी काय तरी चाळे करून कान फिरवशील," संतराम तावातावानं म्हणाले. "मला समजत न्हाई का!"

"म्या हात पन लावत न्हाई. तुमीच घाला पट्टी."

निताच्या समोर, चमकती बाजू वर करून, संतरामनी आपल्या हातानं पट्टी साच्यात घातली. हुकूम आधीचाच होता, एक अक्षर बदललं नव्हतं. नंदीनं तो त्यांना वाचून दाखवला. एंटरसुद्धा संतरामनीच दाबलं, एका बोटानं, घराची बेल दाबावी तसं. वीस टक्के. पन्नास. संतरामचे ओठ हलून राहिले होते. कोणता देव बोलावत होते कोण जाणे. नव्वद.

कातर उजव्या कानाला होती. वण डाव्या गालाला.

संतराम घाईनं फोन काढून तो संदेश पुसायला बसले. तोवर ग्रुपवर अकरा जणांनी हात जोडले होते, आणि फ्लेक्सवाल्यानं लिहिलं होतं, पोल्याच्या जबानीवर काम सुरू करतो, फोटो पाठवा. नंदीनं नवा फोटो टाकला, खाली दगडोबा किसनजी पोले असं लिहिलं.

आबा स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. तो कान त्यांनी बोटानं चाचपला, जणू काचेला लव होती. "उजवाच व्हता," ते म्हणाले. अजून एकदा म्हणाले. मग खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसून संतरामकडं वळले.

"संत्या, फेटा तुलाच बांधावा लागंल. मला कधी बांधता आला न्हाई, ठावं हाय ना तुला?"

संतरामनी फोन खिशात टाकला. "बांधतो," ते गुरगुरले. "पन शेमल्याचं टोक डाव्या अंगालाच सोडीन. सांगून ठिवतो."

"सोड की," आबा म्हणाले. "लांब सोड."