मल्लव्वाचा हात आणि माझी चीर

मित्रांनो, आज माझ्या पोटात मीठ असतं. पण मी एक जुनी विरजणाची बरणी आहे. चिनी मातीची, अंगाने पांढरी, गळ्याशी तपकिरी. माझी गोष्ट सांगते, पण ताठ मानेने नाही. माझ्यामुळे एका भल्या बाईला काय सोसावं लागलं, ते आठवलं की अजून लाज वाटते.

सोलापुरात मंगळवार पेठेत रुद्रप्पांचं दूध-दह्याचं दुकान होतं. तिथे मल्लव्वा कामाला होती. रोज संध्याकाळी ती माझ्यात कोमट दूध ओतायची, चमचाभर कालचं दही घालायची आणि मला फडक्याने झाकायची. सकाळी सुरीने कापावं असं दही लागलेलं असायचं. त्याचंच विरजण मोठ्या पातेल्यांना लागायचं. पेठेतल्या बायाही वाटी घेऊन यायच्या. "मल्लव्वाच्या हाताला लई गुण हाय की," त्या म्हणायच्या. मी मात्र ती स्तुती माझीच समजून फुगून बसायचे.

एकदा धुताना मी दगडावर आपटले आणि तळाशी केसाएवढी चीर पडली. ती कुणाला दिसली नाही. मी गळतही नव्हते. चिरेत जुनं दह्याचं पाणी मुरत राहिलं. तडकेन म्हणून मला उकळत्या पाण्याने कुणी धूत नसे.

१९७४ च्या उन्हाळ्यात एका सकाळी माझ्यातलं दूध पातळच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. विरजण नेलेल्या घरांतही दही लागेना. मल्लव्वाचा नवरा जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. बाया कुजबुजल्या, "नवरा गेला, तिच्या हाताचा गुणबी गेला."

रुद्रप्पांनी ते ऐकलं. "मल्लव्वा, उद्यापासनं दुदाला हात लावू नगंस. भांडी तेवढी घास."

"व्हय मालक," ती म्हणाली. दोष माझा होता आणि मान तिने खाली घातली.

रुद्रप्पांची पुतणी दाक्षायणी कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायची. एकदा ती दुकानात आली, तर मल्लव्वा मोरीत भांडी घासत होती. दाक्षायणीने कारण विचारलं.

"माझा हात वंगाळ झालाय अक्का. पोरगी दही मागती, पर म्या घरीबी लावत न्हाय आता."

दाक्षायणी संतापली. आमचं विरजण जिथे पोचलं नव्हतं, त्या दुधनी गावाहून तिने ताजं विरजण मागवलं. अर्धं दूध माझ्यात ओतलं, अर्धं उकळून काढलेल्या स्टीलच्या डब्यात. दोन्हीकडे विरजण मल्लव्वालाच घालायला लावलं. पदराला दोनदा हात पुसून मगच तिने चमचा उचलला.

सकाळी डब्यात घट्ट दही होतं. माझ्यातलं दूध पातळ. दाक्षायणीने ते दुसऱ्या भांड्यात काढलं आणि मला उजेडात धरलं, तेव्हा तळाची चीर दिसली.

"हात तोच आहे, काका," दाक्षायणी म्हणाली. "दही जंतूंमुळे लागतं, आणि त्या जंतूंनाही आजार होतात. त्यांचे विषाणू जंतूत शिरतात, त्याच्याकडूनच आपल्या शेकडो नकला करून घेतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. माणसाला काही होत नाही, पण दही लावायला जंतूच उरत नाहीत. या चिरेत ते विषाणू दडलेत. विरजणाबरोबर तेच घरोघर गेले."

माझ्यातलं दूध ती कॉलेजात घेऊन गेली. हजारोंत एखादा जंतू जन्मतःच वेगळा निघतो, त्याला हा विषाणू लागत नाही आणि त्याच्या साऱ्या वंशालाही लागत नाही, असं तिने सांगितलं. तसे वाचलेले जंतू वाढवून तिने नवं विरजण आणून दिलं.

रुद्रप्पा मोरीपाशी गेले. "मल्लव्वा, चुकलं माजं. दुदाचं काम तूच बघ." मग मला उचलून उकिरड्यावर टाकायला निघाले.

"ऱ्हाऊ द्या मालक," मल्लव्वा म्हणाली. "इतकी वर्सं हातात व्हती. मीठ ठिवीन तिच्यात." आणि तिने मला घरी आणलं. तिने शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

मित्रांनो, दुधादह्याची भांडी उकळून घ्या, चीर पडलेली बाजूला काढा. पण कुणाच्या हाताला नावं ठेवण्याआधी एकदा भांडं उजेडात धरून बघा. मल्लव्वा आता पोरीसाठी घरी दही लावते. मात्र विरजण घालण्याआधी ती अजून खिडकीशी जाते आणि आपलाच उजवा हात उजेडात धरून बघते. फळीवरून मला ते रोज दिसतं.