बाबांनी लिहून ठेवलेलं

स्मरणशक्ती हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी बाबांना तोंडावर सांगितलं, तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबांचा जन्म जमीनमोजणीत गेलेला. ते रडत बसले नाहीत. जुन्या कॉम्प्युटरवर एक फाइल उघडली आणि जमेल तोवर सगळं लिहून काढलं: आई कशावर चिडायची, मी कोण, माझ्या लेकीला लाडानं काय म्हणतात. रोज सकाळी चहासोबत ते वाचायचं आणि मगच फोन उचलायचा, हा त्यांचा नेम.

गेल्या महिन्यात ती फाइल उघडली की मशीनच कोसळायला लागलं. काळा पडदा, पांढऱ्या ओळी, कर्नल पॅनिक. कर्नल म्हणजे मशीनचा कारभारी. त्यानंच हातपाय गाळले की बाकी सगळं ठप्प. माझं पोटच या कामावर चालतं. रजा टाकून मी बाबांकडे गेले.

आधी रॅमवर संशय घेतला. तीन तास तपासली, ठणठणीत निघाली. मग पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं, तर मुकाट चाललं. बाबांची डिस्क जोडून ते फोल्डर उघडलं मात्र, पुन्हा काळा पडदा! म्हणजे दुखणं फाइलसिस्टिमचं होतं. कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे, त्या नोंदीच बिघडलेल्या, आणि त्या वाचताना कर्नल गडगडत होता.

डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि दुरुस्ती त्या प्रतीवर केली. मशीन कोसळायचं थांबलं. फाइलचे मात्र निनावी तुकडे हाती लागले, तेही मोजकेच.

हे झालं कशानं? जुना लॉग, म्हणजे मशीननं स्वतः ठेवलेली रोजनिशी, चाळला. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तोडलेली. एकेचाळीस वेळा. तारखा माझ्या फोनशी ताडून बघितल्या. त्या-त्या दिवशी बाबांचे फोन आले होते. मशीन नुसतं रेंगाळत होतं, आणि मी मीटिंगमधून घाईघाईनं सांगायचे, "बटण दाबून बंद करा, परत चालू करा. ठेवते." पाच मिनिटं ऐकून घेतलं असतं तर!

"माझ्याकडून काही चुकलं का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. माझं चुकलं. मी सांगितलं तसंच तुम्ही केलंत."

ते पडद्याकडे वळले. "तुझ्या आईचं काही उरलंय?"

उरलेलं वाचून दाखवलं. "'ही नेहमी छत्री कुठेतरी विसरते आणि घरी येऊन मला शोधायला लावते.' एवढंच."

बाबा हसले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी उद्या विसरेन. तू मात्र धरून बसशील. नको बसूस."

मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी बाबांनी मशीन लावलं आणि म्हणाले, "अगं, माझी फाइल दिसत नाहीये." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या दिवशीही.

आता मीच लिहायला घेतलंय. मला ठाऊक आहे तेवढं लवकर संपलं. परवा विचारलं, "बाबा, आई तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटली?"

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग चेहरा खुलला.

"ते लिहून ठेवलंय ना मी," ते म्हणाले. "फाइलमध्ये बघ."

"बघते हं," मी म्हटलं आणि तोंड धुवायला आत गेले.