नक्की

मैदानावर समालोचकाची जीभ चेंडूच्या पुढे धावायची. घरात मात्र तो जन्मभर 'नक्की, नक्की' म्हणत मान डोलावत आला. मग मेंदूत रक्तस्राव झाला आणि पायाच्या बोटापासून पापणीपर्यंत सगळं अंग लुळं पडलं. ऐकू यायचं, कळायचं, पण सांगायची सोय उरली नाही.

डॉक्टरांनी त्याच्या मेंदूत तारा बसवल्या आणि एका संशोधक बाईने त्यांना बोलतं यंत्र जोडलं. शब्दाची नुसती चाहूल लागली की यंत्र अंदाजाने वाक्य पुरं करायचं. माणसाचा मेंदूही असाच पुढचं ताडत असतो, असं तिने त्याच्या बायकोला समजावलं. अंदाजासाठी घरातली जुनी ध्वनिमुद्रणं यंत्राला ऐकवली होती. आवाजही त्याचाच. पहिल्यांदा तो ऐकून बायको रडली.

मग मेहुण्याच्या डोक्यात आलं, रस्त्याच्या गोंगाटाचा त्रास नको, पलंग मागच्या खोलीत हलवू. त्या खोलीला खिडकी नव्हती. आजारी माणसाने जीव खाऊन 'न' जुळवला, आणि यंत्र गोड आवाजात म्हणालं, "नक्की. तुम्हाला सोयीचं तेच करा."

"बघ ताई, भावोजींचीही ना नाही," मेहुणा म्हणाला.

पलंग हलला. समोर भिंत आली. तो आतल्या आत बोंबलायचा आणि त्याचाच आवाज बाहेर सगळ्यांचे आभार मानायचा. लोक म्हणायचे, किती समाधानी माणूस.

संशोधक बाई तपासणीला आली तेव्हा यंत्राच्या पडद्यावरची मेंदूच्या लहरींची रेघ प्रत्येक वाक्यानंतर उसळत होती. आधी तिला तार सैल वाटली. सगळ्या तारा तपासून झाल्यावर ती त्याच्याजवळ बसली.

"काका, चुकीचं ऐकलं की मेंदू दचकतो. तुम्ही दर वाक्याला दचकताय. मी यंत्राला फक्त अंदाज शिकवला, चूक ओळखायला शिकवलंच नाही."

तिने ते शिकवलं. आता तो दचकला की यंत्र गप्प व्हायचं आणि थांबायचं.

बायकोने बिचकत विचारलं, "अहो, ही खोली बरी वाटते ना?"

"नक्..." यंत्र अडलं. तो पुन्हा अक्षर जुळवू लागला. घामाने त्याची उशी भिजली.

"नको."

बायको पलंगाजवळ सरकली. "कधीपासून?"

त्याच दिवशी पलंग पुढच्या खोलीत आला. मेहुणा फुगून बसला. अंग होतं तसंच राहिलं, दगडासारखं. बायको उशाशी बसून होती, आणि तो तिच्या 'कधीपासून?'च्या उत्तराचं पहिलं अक्षर जुळवत होता.