दोन बोटं कमी

बसा निवांत, पण माझ्यावर नको. मी लाकडी ठोकळा आहे खरा, पण बसायचं स्टूल नव्हे. माझ्या कडेवर चवडे रोवायचे, टाचा मागे मोकळ्या सोडायच्या आणि वर-खाली व्हायचं, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. पोटऱ्या वाढवणं हे माझं काम. आणि खरं सांगतो, पोटरीइतकं हट्टी काही माणसाच्या अंगात दुसरं नसेल. दंड बघता बघता फुगतात, पोटरी मात्र ढिम्म!

मूळचा मी दाराच्या एका चौकटीतून उरलेला तुकडा. ती चौकट करणारे म्हातारे सुतार म्हणजे या घरातले बाबा. उभं आयुष्य रंध्यावर गेलं त्यांचं. त्यांनी बसवलेलं दार कधी घासलं नाही की अडकलं नाही. माप घ्यावं तर त्यांनीच, असं सगळे म्हणायचे. अशा हातांत आपण पडलो याचा मला केवढा तोरा होता!

त्यांचा एकुलता एक मुलगा आगीच्या बंबावर कामाला. एका आगीत शिडी सटकली आणि तो वरून खाली आला. डाव्या पायाचं हाड मोडलं. प्लास्टर काढलं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण पोटरी पार वाळून गेली होती. उजवा मोजा जागच्या जागी राहायचा, डावा घसरून घोट्याशी गोळा व्हायचा. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन शिडी चढून दाखव, नाहीतर कायमचं ऑफिसातलं काम घे.

"टेबलाशी बसवलं तर मी संपलोच गं," तो बायकोला म्हणाला.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी येऊन गेल्या. "उसळ्या मारायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "टाच पार खाली जाऊ द्या, पोटरी ताणली की तिथे थांबा, मग सावकाश वर. टाच मध्येच जमिनीला टेकली तर सगळी मेहनत फुकट." घराला धड एक पायरी नव्हती. बाबा शेजारीच बसून ऐकत होते. "मी करून देतो ठोकळा," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी मला पुढ्यात घेतलं. माझी उंची होती तशी बरोबर होती, नुसतं रंधून गुळगुळीत करायचं होतं. तेवढं झालं. मग ते बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसून राहिले. शेवटी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या तळाकडून दोन बोटं सोडून रेघ मारली. मग करवत घेऊन तेवढा भाग कापून काढला.

"नको रे चढू आता शिडीवर," ते पुटपुटले. ऐकायला मी एकटाच.

कापलेली चकती त्यांनी कपाटामागे सरकवली. लाकूड टाकवत नाही सुताराला.

दुसऱ्या सकाळपासून मुलगा खिडकीपाशी माझ्यावर उभा राहू लागला. घामाने निथळायचा बिचारा, पण टाच खाली जाते न जाते तोच फरशीला टेकायची. ताण बसायचाच नाही, मग पोटरी वाढणार कशी? तो आपल्याच पायाला दोष द्यायचा. "वाढ की लेका!" म्हणून पोटरीवर चापट मारायचा. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. बाबा समोर वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि पान काही उलटायचे नाहीत.

एक दिवस सून म्हणाली, "अहो, टाच टेकतेय बघा तुमची. ठोकळाच बुटका नाही ना झालाय?"

"काहीतरीच काय!" तो तिच्यावर उखडला. "बाबांचं माप आजवर चुकलंय का कधी? माझाच पाय नालायक आहे, त्याला ते काय करणार?"

बाबांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला. उठले, कपाट ओढलं, मागून चकती काढली. "उतर," ते म्हणाले. मला उलटा करून त्यांनी सरस लावला, चकती बसवली, स्क्रू पिळले. मुलगा बघत होता. माझ्या अंगावरच्या रेषा चकतीवरच्या रेषांना जाऊन मिळाल्या, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"बाबा, म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"माप चुकलं नव्हतं," बाबा म्हणाले. "तू पडलास म्हणून फोन आला ना, तो अजून माझ्या कानातून जात नाही. परत तसा फोन घ्यायची छाती नाही रे माझी."

"किती दिवस घालवलेत माझे, बाबा!" त्याचा आवाज फाटला. बाबांनी मान खाली घातली. सरस वाळेपर्यंत तो पाठ करून खिडकीशी उभा होता. मग माझ्यावर चढला. आता टाचा खरोखर अधांतरी होत्या, त्याचा तोल गेला. त्याने हात मागे केला. "धरा मला."

बाबांनी धरलं.

त्यानंतर मात्र पोटरीची रग जिरली. खाली थांबायचं, वर थांबायचं, कळ डोळ्यांत उतरली तरी घाई करायची नाही. बाबा रोज पाठीशी उभे. पुढे एका सकाळी त्याने दोन्ही मोजे वर ओढले, घरभर फिरला, आणि डावा खाली आला नाही. सगळ्यात आधी बाबांनी पाहिलं. "बसला," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसायला आत गेले.

तो शिडी चढला. परत बंबावर रुजू झाला.

आता माझ्या कडा झिजल्यात, एक स्क्रू सैल झालाय, पण मी बेकार नाही. रस्त्यावरून बंबाची घंटा ऐकू आली की बाबा लगबगीने येतात, खिडकीची चौकट धरतात आणि कुंपणापलीकडचं दिसावं म्हणून माझ्यावर चवड्यांवर उभे राहतात. "बाबा, तुमच्या पोटऱ्या माझ्यापेक्षा दणकट झाल्यात," मुलगा चिडवतो. बाबा हसतात, पण त्याला काही सांगत नाहीत.

म्हणून एकच मागणं आहे. घर आवराल तेव्हा मला अडगळीत टाकू नका, इथेच खिडकीखाली असू द्या. बंब परत येईपर्यंत म्हाताऱ्याच्या टाचा खाली येत नाहीत.