अंदाजात न धरलेलं पाणी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. बुलढाण्याच्या मिशन-आवारातली माणसं त्याला एक शेपूट जोडत, आणि दौरा पाहावा काढून. गावोगाव गाडी हिंडवायची, झाडाखाली तंबू ठोकायचा, तापानं फणफणलेल्यांना औषध द्यायचं आणि जमलेल्यांना प्रभूची गोष्ट सांगायची, हे ऐकायला फार गोड. पण बैल काही गोष्ट ऐकून पोट भरत नाहीत.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात प्लेगाच्या भीतीनं गावंच्या गावं रानात राहायला गेली आणि थंडीतला दौरा लांबत लांबत पार चैत्र संपेपर्यंत आला. त्यात मिशनचे साहेब आजारी पडले. मडमसाहेबांनी प्रचारक इंद्रभानला बोलावून सांगितलं, यंदाचा दौरा तुम्हीच काढा, पैसे मात्र एवढेच आहेत, त्यात बसेल असा खर्चाचा अंदाज करून आणा. एका देशी प्रचारकाच्या हाती अख्खा दौरा पहिल्यांदाच येत होता. इंद्रभान हरखून घरी आला. त्याची बायको मनकर्णा मात्र ऐकता ऐकताच घाबरली. दौऱ्याच्या वाटेवरचं शेवटचं गाव अमडापूरच्या पलीकडचं होतं, इंद्रभानचं स्वतःचं.

त्या गावात इंद्रभान मेलेला होता.

पाटलाचा थोरला पोरगा ख्रिस्ती झाला ही खबर गावात पोचली, तेव्हा बाप भगवंतरावानं कणकेचा पुतळा करून मसणात जाळला, डोकं भादरलं आणि रीतसर तेरावं घातलं. गाव जेवून गेलं. ही हकीकत इंद्रभान हसत हसत सांगायचा. "आपल्या तेरवीचं जेवण आपल्यालेच भेटलं नाही," म्हणायचा. मनकर्णेला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

ती संवत छप्पन्नच्या मोठ्या दुष्काळातली पोर. तिची आई रस्त्याच्या कडेला पाणी पाणी करत गेली होती, आणि शेजारी बसलेल्या मनकर्णेच्या हातात रिकामा लोटा होता. मिशनच्या अनाथघरात ती वाढली, लिहायला-वाचायला शिकली, तिथूनच इंद्रभानच्या घरी आली. आता चार वर्षांची रूथ पदरी होती. पण अजूनही झोपण्याआधी घरातला माठ हात घालून पाहिल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे.

म्हणून अंदाज करायला दोघं बसली, तेव्हा तिनं पहिलं नाव घेतलं ते गफ्फार पखालजीचं. गफ्फारचा रेडा आणि त्याच्या पाठीवरची कातड्याची पखाल दौऱ्याबरोबर असली, की कुठल्या गावानं विहीर बंद केली तरी अडत नसे.

"पखाल पयले धरा," ती म्हणाली. "मंग बाकीचं."

गाडी धरली, कडबा धरला, पीठमीठ धरलं. पखाल आणि औषधांची पेटी दोन्ही काही त्यात बसेनात. एक धरलं की दुसरं बाहेर पडे. पटकीची साथ कुठे कुठे सुरू झालेली, औषध सोडून कसं चालणार?

"पखाल काढ," इंद्रभान म्हणाला. "बाकीच्या गावात कोणी ना कोणी पाणी देतेच. अन् शेवटच्या गावात त आपली विहीर हाये."

"आपली?"

"माह्या बापाची म्हणजे आपलीच. गोड्या पाण्याची हाये. लहानपणी म्या तिच्यात पोहलो. बुढा तोंडानं काहीबी बोलंन, पण नातीले पाणी नाही म्हणंन का?"

मनकर्णेनं त्याच्याकडे पाहिलं. आपली विहीर. जिला माहेर नव्हतं, सासरचा उंबरा जिनं पाहिला नव्हता, तिच्या कानाला हा शब्द फार गोड लागला. सासरच्या विहिरीवर आपण घागर बुडवतोय असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. भीती होतीच, पण लोभही मोठा होता. यादीतून पखाल तिनंच आपल्या हातानं काढली. इंद्रभाननं अंदाज मडमसाहेबांना दिला आणि त्यांनी शाबासकी दिली.

दौरा तसा बरा गेला. ऊन मात्र मरणाचं. कुणी वरून ओंजळीत पाणी ओतलं, कुणी दारं लावून घेतली. अमडापुरात अमीनाबी नावाच्या म्हातारीनं आपल्या ओसरीवरचा माठच पुढे केला. जिथं चार माणसं जमत तिथं इंद्रभान बोले, आणि बोलायला लागला की माणसं खिळून राहत. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आलेली. अखजीला घरोघर मेलेल्यांच्या नावानं पाण्यानं भरलेल्या घागरी ठेवतात. त्यामुळे त्याचं ठरलेलं वाक्य असे, "मेलेल्याले पाणी पोचत नाही, भाऊ. जित्याले पाजा." लोक माना डोलवत आणि घरी जाऊन घागरी घासायला काढत.

शेवटच्या गावाच्या शिवेवर गाडी सोडली ती अखजीच्याच सकाळी. मोठं पिंपळाचं झाड होतं, त्याच्या सावलीत तंबू ठोकला. मनकर्णेनं लुगडं नीटनेटकं केलं, कपाळावर पदर ओढला, आणि रूथला कडेवर, कळशी हातात घेऊन नवऱ्यामागून निघाली.

शेतांमधल्या पांदीच्या वळणावरून विहीर दिसत होती. काठावर इंद्रभानचा धाकटा भाऊ उत्तमराव काठी घेऊन उभा होता.

"उत्तम," इंद्रभाननं हाक मारली.

उत्तमरावानं ऐकलंच नाही. तो शेजारच्या गड्याला म्हणाला, "बाबानं सांगतलं, बाटग्याले कोणी थेंब देल्ला त त्याचीबी विहीर बंद. साऱ्या गावाले सांगून ये." इंद्रभान आणखी एक पाऊल पुढे गेला, तशी काठी उचलली गेली. भाऊ भावाच्या डोळ्यांत पाहत नव्हता, त्याच्या पायांकडे पाहत होता. हा मारेल, मनकर्णेला वाटलं. नवऱ्याच्या सदऱ्याला धरून तिनं त्याला मागे ओढलं. तो मुकाट आला, याचीच तिला जास्त भीती वाटली.

महारवाड्यात जाऊन पाहिलं. तिथला झिरा आटलेला, तिथल्याच बाया पाटलाच्या विहिरीपासून दूर ओंजळी पसरून उभ्या. त्यांनी नुसतं पाहिलं आणि माना खाली घातल्या. राहता राहिला नाला. त्याच्या डबक्यात बैलांनी तोंड घातलं, पण पाणी हिरवं होतं, वर माशा घोंगावत होत्या. त्यातूनच पटकी येते हे औषधांच्या पेटीच्या धन्याला कुणी सांगायला नको.

कळशीच्या तळाशी होतं ते पाणी उन्हं चढेपर्यंत संपलं. आणि मग रूथला ऊन लागलं.

आधी ती कुरकुरली, मग रडली, मग रडायचीही थांबली. अंग तव्यासारखं तापलं. ओठांवर पांढरी साय धरली. मनकर्णेनं पेटी उघडली. औषधं होती, चांगली भरपूर होती. पण प्रत्येक पूड पाण्यात घालून द्यायची होती.

"गाडी जुपा," ती म्हणाली. "अमीनाबीकडं जाऊ."

"या उनात? पोहोचेपर्यंत..." त्यानं पोरीकडे पाहिलं. "दिवस कलू दे."

दिवस काही कलत नव्हता. मनकर्णा पोरीच्या ओठांवरून ओला पदर फिरवायला गेली आणि पदर कोरडा आहे हे तिला तेव्हा कळलं. तिला तिची आई दिसली. तोच रस्ता, तेच ऊन, तोच रिकामा लोटा, फक्त आता मांडीवर लेक होती. पखाल मीच काढली, ती मनात म्हणत राहिली. त्यानं नुसतं सांगितलं, माझ्याच हातानं काढली. इंद्रभान गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत होता. तिलाही करायची होती, पण तिच्या तोंडी एकच शब्द येत होता, पाणी.

पांदीतून कुणी तरी येताना दिसलं.

एक म्हातारी होती. डोक्यावर घागरींची उतरंड, खाली मोठी, तिच्यावर मधली, सगळ्यांत वर मुठीएवढं बोळकं. मागून काठी टेकत उत्तमराव. इंद्रभान ताडकन उठला. मनकर्णेनं त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं, पण नवऱ्याचं कपाळ आणि नवऱ्याची हनुवटी तिनं ओळखली. सासू, झुंबरबाई.

म्हातारीनं तंबूकडे पाहिलंच नाही. जणू तिथं तंबू, गाडी, बैल, माणसं काहीच नव्हतं. गावाबाहेर मेलेल्याची घागर घरात ठेवायची नाही, शिवेवरच्या पिंपळाखाली ठेवायची, अशी त्या घराची रीत होती. इतकी वर्षं दर अखजीला ती इथं येत असणार. तंबूपासून दहा पावलांवर बसून तिनं उतरंड उतरवली. ओल्या मातीचा वास आला. मांडीवरची रूथ चुळबुळली.

मोठ्या घागरीवर आंबा ठेवत म्हातारी म्हणाली, "ही माह्या इंद्रभानाची."

मधली सरकवली. "ही त्याच्या बायकोची."

बोळकं तिनं दोन्ही हातांनी खाली ठेवलं. "अन् ही त्याच्या लेकराची."

"माय," मागून उत्तमराव म्हणाला. "घागर त एकाचीच ठेवाची असते. हे दोघं कवा मेले?"

"माहा पोरगा गेला, तवाच त्याची माणसं गेली," म्हातारी म्हणाली. "मेलेल्याले पाणी देऊ नको, असं तुह्या बापानं सांगतलं का?"

उत्तमरावानं मान वळवली. त्याची नजर आता पहिल्यांदाच भावाच्या तोंडावर आली आणि तिथंच थांबली. काठी त्यानं दोन्ही हातांत धरली.

मनकर्णेला सगळं एकदम कळलं. इंद्रभाननं आता एक शब्द उच्चारला, तर तो जिवंत ठरणार होता. जिवंत ठरला की तो बाटगा, आणि हे पाणी बाटग्याला दिलेलं पाणी. एका काठीत तिन्ही घागरी फुटल्या असत्या. पिंपळाच्या मुळांनी ते पाणी पिऊन टाकलं असतं आणि पोर पाहत राहिली असती.

इंद्रभानचे ओठ उघडत होते. गावोगाव बोलून आलेला माणूस तो, आणि समोर त्याची आई. मनकर्णेनं रूथला खांद्याशी धरून झेप घेतली आणि आपला तळवा त्याच्या तोंडावर दाबला. त्याचा गरम श्वास तिच्या हाताला लागत होता. त्यानं मान झटकली, तिनं हात काढला नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या बोटांवरून ओघळलं.

म्हातारी उठली. जमिनीला डोकं टेकून तिनं नमस्कार केला, मेलेल्यांना करतात तसा. वळताना तिची नजर क्षणभर मनकर्णेच्या खांद्यावरल्या पोरीकडे गेली, आणि लगेच खाली वळली.

"चाल माय," उत्तमराव म्हणाला. जाता जाता त्यानं काठी खाली केली.

दोघं पांदीच्या वळणाआड गेल्यावरच मनकर्णेनं हात काढला. मग ती धावली. बोळकं रूथच्या ओठांना लावलं. पहिला घोट बाहेर सांडला, दुसरा गळ्याखाली उतरला. पूड कालवून दिली. बऱ्याच वेळानं पोरीनं डोळे उघडले.

"आजून," ती म्हणाली.

मनकर्णेनं मधली घागर ओढून घेतली. पाणी गोड होतं. इंद्रभान खोटं बोलला नव्हता. सासरच्या विहिरीचं पाणी ती आज प्यायली होती, आणि सासरच्या माणसांत तिची मोजदाद झाली होती, ती मेलेल्यांत.

"ते बुढी कोण व्हती?" रूथनं विचारलं.

"तुही आजी."

"मंग ते बोलली काऊन नाही?"

मनकर्णेनं तिच्या तोंडाला पुन्हा पाणी लावलं. मोठी घागर तशीच भरलेली होती. इंद्रभान त्या घागरीसमोर बसला होता, हात लावत नव्हता.

"प्या," ती म्हणाली. "रात्रीले गाडी हाकाची हाये."

"हे पाणी मेलेल्याचं हाये, मनकर्णे."

"हाव," ती म्हणाली, आणि घागर उचलून तिरपी केली.

त्यानं ओंजळ पुढे केली. प्रभूचे आभार मानल्याशिवाय त्यानं आजवर पाण्याचा घोट घेतला नव्हता. त्याचे ओठ हलले, पण जो शब्द निघाला तो आभाराचा नव्हता. इतका वेळ तिच्या तळव्याखाली अडलेला, आईला हाक मारायचा तोच शब्द होता. पांदीत आता कुणी नव्हतं, म्हणून मनकर्णेनं तो त्याला म्हणू दिला.